तिरुपतीला सहा रात्री खोकला आला नाही, आधी ते लिहून ठेव

"अक्का, नमस्कार. नाव छापू नका प्लीज. आम्ही सोलापूरला विडी घरकुलात राहतो. आमचे हे अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका डाईंगमध्ये, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्यात आहेत, नऊ वर्षं झाली. आधी सुताच्या लडी मशीनवर चढवायचं-उतरवायचं काम होतं, दीड वर्षापूर्वी मालकानं कलर रूममध्ये घेतलं, रंगाची पावडर काट्यावर मोजायची आणि कालवून द्यायची, पगार पण वाढला. आता सहा महिने झाले, रात्री एक-दोनच्या सुमाराला खोकल्यानं उठतात, छातीत शिट्टी वाजते, उशीला टेकून बसून राहतात, पहाटे कुठं डोळा लागतो. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथापुढं दरवर्षी नाचणारा माणूस, या वर्षी मधूनच घरी आला. गल्लीतले डॉक्टर म्हणतात धुळीची अॅलर्जी, इंजेक्शन देतात, चार दिवस बरं वाटतं. दिवाळीनंतर सहा दिवस तिरुपतीला गेलो होतो, तिथं एका रात्री पण खोकला नाही, आल्यावर कामावर गेले आणि दुसऱ्या रात्री परत सुरू. सासूबाई म्हणतात देवानं बरं केलं होतं, इथं फॅनखाली झोपून परत ओढवून घेतलं. एका डॉक्टरांनी पंप लिहून दिला तर घरात सगळे म्हणाले पंप लागला की माणूस संपला, सवय लागते, म्हणून आणलाच नाही. टीबी तर नसेल ना? हे म्हणतात काम सोडतो, पण घराचा हप्ता आहे, दोन पोरं शाळेत आहेत. मी घरी विड्या वळते. काय करू सांगा."

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा त्या तिरुपतीच्या ओळीवर येऊन थांबले. तू ती सहज लिहिलीस, पण सगळ्या पत्रात तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. सहा दिवस कामापासून लांब, सहा रात्री खोकला नाही. परत कामावर, दुसऱ्या रात्री खोकला. सासूबाईंची श्रद्धा त्यांच्यापाशी राहू दे, तिला धक्का लावायची काही गरज नाही, पण ही ओळ तू गल्लीतल्या डॉक्टरांना सांगितली होतीस का? बहुतेक नसशील, कारण त्यांनी विचारलंच नसेल. मी २९ वर्षं नर्स होते, त्यातली बरीच छातीच्या वॉर्डात गेली, आणि केसपेपरवर वय, गाव, बिडी-सिगारेट हे सगळं लिहिलेलं असायचं, पण "हाताला काय लागतं, नाकात काय जातं" हे लिहिलेला कागद क्वचित बघितला. इटलीत रामाझिनी नावाचे एक डॉक्टर होऊन गेले, त्यांनी सन १७०० मध्येच लिहून ठेवलंय की पेशंटला बाकीचं सगळं विचारता तसं तुझा धंदा काय हेही विचारा. सव्वातीनशे वर्षं झाली त्याला. डॉक्टर विचारत नसतील तर आपण सांगायचं, न विचारता सांगायचं, आत गेल्या गेल्या पहिल्या वाक्यात.

मी डॉक्टर नाही, आणि पत्रावरून आजार ठरवता येत नाही, ते तपासूनच ठरतं. पण तू लिहिलंयस ते कामामुळं होणाऱ्या दम्यासारखं दिसतंय, आणि तसं असेल तर वेळ घालवून चालणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते, शेवटपर्यंत वाच.

दम्यात श्वासाच्या नळ्या आतून सुजतात, नळीभोवतीचे स्नायू आवळतात, त्यात चिकट कफ साचतो, आणि त्या अरुंद वाटेनं हवा जाताना शिट्टी वाजते. ती शिट्टी तुला ऐकू येते म्हणजे नळ्या चांगल्याच आवळलेल्या असतात. आता हे कलर रूममुळं कसं होतं ते सांगते, कारण हे कळलं की तुझ्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तुझी तुलाच मिळतील. आपल्या सोलापूरच्या टॉवेलला आणि चादरीला जे रिअॅक्टिव्ह रंग वापरतात ना, त्यांचा गुण असा की ते कापसाच्या धाग्यावर नुसते बसत नाहीत, धाग्याशी रासायनिक गाठ मारतात, म्हणून धुतलं तरी टॉवेलचा रंग जात नाही. आता हीच पावडर काट्यावर ओतताना हवेत उडते, श्वासातून आत जाते, आणि तिथं ती शरीरातल्या प्रथिनांशी तशीच गाठ मारते. शरीराला मग ते प्रथिन आपलं वाटत नाही, परकं वाटतं, आणि काही जणांचं शरीर त्याच्या विरोधात तयारीला लागतं. ही तयारी गुपचूप चालते, काही आठवडे, काही महिने, काही वर्षं सुद्धा, तोवर माणसाला काही त्रास नसतो, आणि म्हणूनच सगळे म्हणतात की अहो इतके दिवस तेच काम करत होता की, आत्ताच कसं झालं? तसंच होतं ते. एकदा शरीरानं तो रंग ओळखून ठेवला की मग चिमूटभर पावडर पुरते. शेजारी काम करणाऱ्या बाकीच्यांना काही होत नाही, यांनाच होतं, आणि मालक म्हणतो हा नाजूक आहे. नाजूक वगैरे काही नाही गं. तुझे मिस्टर सात-साडेसात वर्षं त्याच डाईंगच्या उकाड्यात आणि वाफेत सुताच्या ओल्या लडी उचलत होते, तेव्हा काही झालं नाही. कलर रूममध्ये गेल्यावर वर्षभरानं सुरू झालं. कामात नेमकं बदललं काय तर कोरडी पावडर समोर आली.

आणि रात्री एक-दोनलाच का? तर असल्या दम्यात त्रास दर वेळी लगेच होत नाही, बऱ्याच जणांना तो उशिरा येतो, पावडर नाकात गेल्यावर चार-आठ तासांनी. दुपारी चार-पाचला शेवटचा रंग मोजला, घरी आले, जेवले, झोपले, आणि मध्यरात्री छाती भरली. त्यामुळं दोष फॅनला जातो, रात्रीच्या दह्याला जातो, थंडीला जातो. कामावर असताना बरं वाटत होतं ना, मग कामाचा काय संबंध, असं स्वतः पेशंटच म्हणतो. मी हे वॉर्डात इतक्या वेळा ऐकलंय.

डाईंगमध्ये फक्त रंगच नसतो हेही लक्षात घे. हायड्रोचा, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटच्या पावडरीचा डबा उघडला की काडी ओढल्यासारखा जो झोंबणारा वास येतो तो सल्फर डायऑक्साइड वायू असतो, हायड्रोला ओल लागली की तो जास्त सुटतो, आणि ज्याच्या नळ्या आधीच सुजलेल्या आहेत त्याला तो फारच लागतो. अॅसिटिक अॅसिडची वाफ आहे, कॉस्टिक आहे. ब्लीचिंगचं हायपो (पातळ ब्लीच) आणि अॅसिड चुकून एकत्र झालं तर क्लोरिन वायू तयार होतो, आणि तो एकदाच जोरात छातीत गेला तरी माणसाला २४ तासांच्या आत दम्यासारखा त्रास सुरू होऊ शकतो आणि तो पुढं महिनोन्‌महिने राहू शकतो. असा एक तरुण पोरगा आमच्या वॉर्डात आला होता, एकाच दिवसाची चूक, एकाच ड्रममध्ये दोन्ही ओतलं, आधी कधी साधा खोकला नव्हता त्याला, आणि नंतर वर्षभर जिना चढताना थांबत होता. (बायांनो, घरी बाथरूम घासताना ब्लीचिंग पावडर आणि अॅसिड एकत्र टाकता ना, कधी टाकू नका, तिथंही हाच वायू होतो.) तेव्हा मिस्टरांना विचार, असा एखादा प्रसंग घडला होता का, वायू सुटून सगळे बाहेर पळाले, असं काही. घडलं असेल तर तारीख आठवून लिहून ठेव.

टीबीचं विचारलंस. दोन आठवड्यांच्या वरचा खोकला म्हटलं की थुंकी तपासायचीच, सरकारी दवाखान्यात फुकट होते, त्यात लाज वाटून घ्यायची नाही आणि टाळायचंही नाही. पण संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, रात्री घामानं भिजणं, थुंकीत रक्त, यातलं तू काहीच लिहिलेलं नाहीस, आणि टीबी काही तिरुपतीला गेल्यावर सहा दिवस सुट्टी घेत नाही. तपासणी करून घ्या आणि ती काळजी डोक्यातून काढून टाका.

आता पंपाचं, म्हणजे इनहेलरचं. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण या एका गैरसमजापायी माणसं गेलेली मी बघितलीत. पंपाची सवय लागत नाही. दमा असतो म्हणून पंप लागतो, पंप घेतला म्हणून दमा होत नाही, जसा चष्मा लावला म्हणून डोळे जात नाहीत. आणि गंमत बघ, पंपाला घाबरून जे इंजेक्शन चार दिवसांनी घेताय, त्यात स्टिरॉइड असण्याची शक्यता खूप आहे. डॉक्टरांना विचारून घे, आणि त्याचं नाव लिहून माग, तुझा हक्क आहे तो. इंजेक्शन आणि गोळीतलं स्टिरॉइड मिलिग्रॅममध्ये असतं आणि सगळ्या अंगात फिरतं, परत परत घेतलं तर साखर, बीपी, हाडं, डोळे सगळ्यावर परिणाम. पंपातलं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग, आणि ते थेट नळीत जातं जिथं सूज आहे. मग घाबरायचं कशाला, पंपाला की इंजेक्शनला?

फक्त पंप दोन तऱ्हेचे असतात आणि हा फरक समजून घे. एक तात्पुरता आराम देणारा, सालब्युटामॉलचा, दहा-पंधरा मिनिटांत नळी मोकळी करतो पण आतली सूज तशीच ठेवतो. दुसरा सूज उतरवणारा, ब्युडेसोनाइड किंवा तसल्या औषधाचा, कधी त्यात फॉर्मोटेरॉल मिसळलेलं असतं, तो बरं वाटत असलं तरी रोज घ्यायचा. बरीच माणसं पहिला तेवढा खिशात ठेवतात, दुसरा परवडत नाही म्हणून किंवा "आज बरंय" म्हणून सोडतात, आणि तिथंच फसतात. सन २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शनातच सांगितलंय की मोठ्या माणसाला नुसत्या सालब्युटामॉलवर ठेवू नका. मिस्टरांना कुठला आणि किती ते डॉक्टर ठरवतील. स्पेसर, म्हणजे तो प्लॅस्टिकचा फुगीर नळकांडा, त्याच्यासकट घ्या, नाहीतर निम्मं औषध घशातच बसतं, आणि घेतल्यावर चूळ भरायची म्हणजे तोंड येत नाही. पहिल्यांदा नर्ससमोर घेऊन दाखवा, बरोबर जमतंय का बघून घ्या, दहातल्या बऱ्याच जणांचं चुकतं आणि मग म्हणतात पंपाचा उपयोग नाही. ज्येष्ठमध सासूबाई देतात तो देऊ दे, पण पंपाच्या जागी नको.

आणि हे फ्रिजवर लिहून चिकटव: बोलताना एक वाक्य पुरं होत नाही, ओठ किंवा नखं निळसर, पंप घेऊन वीस मिनिटांत आराम नाही, किंवा माणूस दमून गुंगीत जातोय, तर घरगुती काही करत बसायचं नाही, १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत बसवून ठेवायचं, झोपवायचं नाही, सालब्युटामॉलचा पंप असेल तर स्पेसरमधून एकेक करत चार वेळा द्यायचा, वीस मिनिटांनी परत. शिट्टी अचानक बंद झाली आणि माणूस मात्र तळमळतोय, तर बरं वाटलं असं समजू नकोस, ते जास्त वाईट असतं, हवाच जात नसते तेव्हा.

आता मुख्य काम, आणि ते तुझ्याकडं आहे. एक वही आण, पोरांची जुनी असली तरी चालेल. मेडिकलमध्ये पीक फ्लो मीटर मिळतो, काही शे रुपयांत येतो, प्लॅस्टिकची नळी असते, त्यात जोरात एक फुंकर मारायची आणि काटा किती सरकला ते वाचायचं. तीनदा फुंकायचं, सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. दिवसातनं चार वेळा: उठल्यावर, कामावर जेवणाच्या सुट्टीत, घरी आल्यावर, झोपताना. रात्री त्रासानं उठले तर तेव्हाही. शेजारी लिही आज काम होतं की सुट्टी, कलर रूममध्ये होते की दुसरीकडं, कुठला रंग मोजला, पंप किती वेळा लागला. असं चार आठवडे तरी, आणि त्यात सुट्टीचे दिवस हवेतच. समजा कामाच्या दिवसांत आकडा ४८० वरून ३९० पर्यंत उतरत जातोय आणि सुट्टीत परत वर चढतोय, तर जगातल्या कुठल्याही डॉक्टरला ते पान बघून कळतं की दुखणं कुठून येतंय. एकच सुट्टी पुरत नाही बरं का, नळ्यांची सूज उतरायला काही दिवस लागतात, कधी आठवडे, म्हणून रविवारी बरं वाटलं नाही म्हणजे कामाचा संबंध नाही असं ठरवू नका. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी चार-पाच दिवस जोडून रजा मिळाली तर ती वाया घालवू नका, त्या दिवसांचे आकडे सोन्यासारखे आहेत. फक्त शोभेच्या दारूकामाच्या धुरात उभे राहू नका.

ही वही काम सोडायच्या आधी व्हायला पाहिजे, म्हणून मी इतकी मागं लागलेय. आधी काम सोडलं आणि मग डॉक्टरांकडं गेलं तर छाती बरी दिसते, पुरावा हातात राहत नाही, आणि विम्याचं पण अवघड होतं. पण उलट बाजूनंही सांगते, त्रास जोरात असेल, रात्री दोन-तीनदा उठत असतील, तर आकड्यांपायी माणसाला त्या पावडरीसमोर उभं करू नकोस. तिरुपतीची तारीख तुझ्याकडं आहे, कामाला कधी लागले ते आहे, तेवढ्यावर सुद्धा डॉक्टर पुढं जाऊ शकतात.

हे सगळं घेऊन सिव्हिलच्या छातीच्या विभागात जा, किंवा कामगार विम्याच्या दवाखान्यात. स्पायरोमेट्री करायला सांग, म्हणजे मशीनमध्ये फुंकायची तपासणी, आधी एकदा आणि पंप दिल्यावर परत एकदा. दुसऱ्या वेळी पहिल्या सेकंदाची हवा १२ टक्के आणि २०० मिलिलिटरपेक्षा जास्त वाढली तर दमा असण्याला चांगला आधार मिळतो. एखाद्या चांगल्या दिवशी रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, त्यावर "काही नाही" म्हणून घरी पाठवलं तर वही पुढं करायची. आणि जाण्याआधी मिस्टरांना सांग, कलर रूममधल्या डब्यांच्या लेबलचे मोबाईलवर फोटो काढून आणा, रंगाचं पूर्ण नाव, हायड्रो, जे काय असेल ते. रसायनाबरोबर कंपनीचं एक सुरक्षेचं माहितीपत्रक येतं, त्यात श्वासाला काय होतं ते लिहिलेलं असतं, ते मालकाकडं मागता येतं.

माझ्या वडलांचं सांगते म्हणजे तुला कळेल मी एवढं का लिहितेय. ते इथल्याच एका सूतगिरणीत कार्डिंग खात्यात होते, कापूस पिंजतात तिथं, खात्यातून बाहेर आले की भुवया पांढऱ्या. दर सोमवारी त्यांची छाती आवळायची. रविवारी ठीक, सोमवारी कामावर गेलं की तासा-दोन तासांत श्वास जड, मंगळवारी कमी, गुरुवारपर्यंत गेलेलं. आमची आजी म्हणायची याला सोमवारी कामाचा कंटाळा येतो. गिरणीचा डॉक्टर म्हणायचा विडी सोड, आणि माझ्या वडलांनी आयुष्यात विडी ओढली नव्हती. मी नर्सिंगला गेले तेव्हा पुस्तकात वाचलं, कापसाच्या धुळीनं होणारा बिसिनोसिस, त्याची खूणच ती, सुट्टीनंतरचा पहिला दिवस सगळ्यात वाईट. त्या पानावर बसून मी रडले. तोवर सोमवारचं दुखणं आठवडाभराचं झालं होतं, आणि ते बिसिनोसिस म्हणून कायद्यातल्या यादीत आहे, भरपाई मागता येते, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. शेवटची सहा वर्षं ते खुर्चीत बसून झोपले. तुझ्या मिस्टरांचं दुखणं वेगळं आहे, कामाच्या दिवसांगणिक वाढणारं आणि रात्रीचं, पण दोन्हीकडं खरी गोष्ट कॅलेंडरमध्ये लिहिलेली होती, आमच्या घरात ती कोणी वाचली नाही.

काम सोडायचं की नाही, याचं मी गोड उत्तर देणार नाही. ज्या गोष्टीला शरीर एकदा चिडायला लागलं तिच्यापासून लांब जाणं हाच त्यावरचा खरा इलाज आहे, पंप त्याच्या जोडीला. लवकर लांब गेलं तर बऱ्याच जणांना पुष्कळ आराम पडतो, काही जण पूर्ण बरे होतात, काहींना थोडा दमा राहतोच. त्रास सुरू झाल्यावर जितके दिवस तिथंच काढाल तितकी बरं व्हायची शक्यता कमी होत जाते. सहा महिने झालेत, अजून उशीर झालेला नाही, पण दोन वर्षं "बघू" म्हणण्याइतका वेळ पण नाही. पण नोकरी सोडणं आणि कलर रूम सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत गं. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मालकाला भेटा, भांडायला जाऊ नका, नऊ वर्षांचा माणूस आहे, त्याला पण सोडायचा नसतो. पॅकिंग, डिस्पॅच, गोडाऊन, हिशेब, जिथं पावडर नाही असं काम मागा. वेगळी खोली पाहिजे, कलर रूमच्या दारातलं टेबल नको. मागावर जायचं म्हणतील तर तिथं कापसाची धूळ आहे, सुजलेल्या नळ्यांना ती पण टोचते, आधी डॉक्टरांना विचारा.

मास्कबद्दल सगळे विचारतात. तोंडाला रुमाल बांधून पावडर मोजणं म्हणजे मनाची समजूत. पावडरीला एन-९५ चालतो, तोही चेहऱ्याला घट्ट बसला तर, दाढी असली की बाजूनं हवा शिरते. हायड्रोच्या वायूला एन-९५ चा काही उपयोग नाही, त्याला कार्ट्रिजवाला मास्क लागतो. आणि ज्याला अॅलर्जी बसलीय त्याला कुठलाही मास्क पुरेल याची खात्री नाही, चिमूटभर पुरते म्हटलं ना. मास्क बाकीच्यांसाठी, जे अजून धडधाकट आहेत. मालकाला हेही सांगा की काट्यावर हवा ओढून घेणारा पंखा बसवा, डबे झाकून ठेवा, पावडर उंचावरून ओतू नका, सांडलेली झाडूनं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा, आणि मिळत असेल तर पावडरीऐवजी पातळ स्वरूपातला रंग घ्या. यातल्या बऱ्याच गोष्टींना फार पैसा लागत नाही. मिस्टरांच्या जागी उद्या दुसरा पोरगा उभा राहणार आहे, त्याच्यासाठी तरी.

पगाराची स्लिप बघ, ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापतात का? पगार महिना २१,००० पर्यंत असेल आणि कारखान्यात दहा माणसं असतील तर कापायला पाहिजे, कामगाराचा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन टक्के. कापत असतील तर तुम्ही सगळं कुटुंब त्या दवाखान्यात जाऊ शकता, औषधं आणि पंप धरून. आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात, त्या आधीच्या ठरलेल्या सहा महिन्यांत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली पाहिजे. दुखणं कामामुळं झालं हे मान्य झालं तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ ९० टक्क्यांनी मिळतो. हे मान्य करून घ्यायला धावपळ आहे, खोटं सांगत नाही, आणि तिथं तुझी वही, लेबलचे फोटो आणि केसपेपरवर लिहिलेलं "कलर रूममध्ये काम" हे तीन शब्द उपयोगाला येतात. म्हणून डॉक्टरांकडून ते लिहून घ्यायचं, तोंडी नको. युनियनवाले कोणी ओळखीचे असतील तर त्यांना बरोबर घ्या, आपल्या गावात त्यांना हे कागद माहितीचे आहेत.

राहिलं घर. मिस्टरांना सांग कामाचे कपडे तिथंच बदलून, पिशवीत बांधून आणा, आणि ते पोरांच्या कपड्यांत धुऊ नकोस. आल्यावर आधी आंघोळ, डोक्यावरून. मच्छर अगरबत्ती आणि कॉइल झोपायच्या खोलीत बंद, मच्छरदाणी लावा. देवापुढची उदबत्ती सासूबाईंना बाहेरच्या बाजूला लावायला सांग, नीट समजावून, त्या ऐकतील. आणि तुझ्या विड्या. तंबाखू झोपायच्या खोलीत ठेवत असशील तर आजच उचल, झाकणाच्या डब्यात घाल, वळायचं काम उंबऱ्याबाहेर किंवा दार-खिडकी उघडी टाकून, तंबाखू चाळताना पोरं आणि मिस्टर जवळ नकोत. तुझं स्वतःचं काय? पत्रभर नवऱ्याचं लिहिलंस, तुला सकाळी शिंका येतात का, वळून झाल्यावर छाती आवळते का, खोकला आहे का, एक शब्द नाही. सिव्हिलला जाशील तेव्हा तुझाही केसपेपर काढ, त्याच रांगेत.

वहीचं पहिलं पान मी सांगते तसं भर: कलर रूममध्ये बदली झाली तो महिना, पहिल्यांदा रात्री उठले तो महिना, नारळी पौर्णिमा, तिरुपतीला निघालात ती तारीख, परत कामावर गेले ती तारीख, पहिला खोकला त्यानंतर कितव्या रात्री. दुसऱ्या पानापासून आकडे. चार आठवडे झाले की दोन पानांचा फोटो काढून पाठव मला, नाव झाकून.

तुझी अक्का